मोराची आठ बटणं

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता बसलिंगप्पांना होणाऱ्या जावयाच्या शेरवानीची बटणं आवडली नाहीत. एवढंच झालं. पुढचं सगळं रामायण या एका नावडीतून घडलं.

बसलिंगप्पा म्हणजे सोलापूरच्या नवी पेठेतले बटणवाले. बटण, लेस, चेन, अस्तर, हूक असलं सगळं एका छताखाली, आणि गल्ल्यावर एकतीस वर्षं ते स्वतः. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण काउंटरवर झालं आणि शिकवायला गिऱ्हाईक बायका. कुणी सकाळी सांगायची, साटनला जाड सुई लावली की कापड जन्माची खूण धरतं. संध्याकाळी बसलिंगप्पा हेच दुसऱ्या बाईला स्वतःचा अनुभव म्हणून सांगायचे. (यात लबाडी काही नाही. एकाकडून घ्यायचं आणि दुसऱ्याला द्यायचं, यालाच व्यापार म्हणतात.) बटण विकताना ते सल्ला फुकट देत, आणि गिऱ्हाईक विसरेल म्हणून बटणांच्या पुडीवर तो स्वतःच्या हातानं लिहूनही देत. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण खाली सही फर्मास.

आणि त्यांचा एक दंडक सगळ्या पेठेत ठाऊक होता. बटण मागितलं की पहिला प्रश्न, "काजाचं माप आणलंय का?" माप नसेल तर बटण नाही. वैरागहून एक शाळेतल्या बाई एसटीनं आल्या होत्या, त्यांना त्यांनी एका बटणासाठी परत वैरागला पाठवलं होतं. बाई दुसऱ्या दिवशी माप घेऊन आल्या. बटण घेतलं आणि नमस्कार न करता गेल्या. बसलिंगप्पा ही गोष्ट अभिमानानं सांगत.

फक्त एकतीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही बटण लावलं नव्हतं. घरी ते काम बायकोचं, राजेश्वरीबाईंचं.

तर ती शेरवानी. मुलीकडच्यांनी नवऱ्या मुलाला कपडे द्यायचे, ते त्यानं आत जाऊन घालायचे आणि बाहेर येऊन चारचौघांसमोर बसायचं, ही रीत. मोतिया रंगाची साटनची शेरवानी शहाजी टेलरनं शिवून दिली होती. राजेश्वरीबाईंनी ती ताटात घडी घालून, वर नारळ, चकचकीत कागद आणि लाल फीत बांधून ठेवली होती. बसलिंगप्पा सहज बघायला गेले. कागदातून त्यांना बटणं दिसली. पांढरी, हलकी, प्लॅस्टिकची.

"बटणवाल्याचा जावई," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि अंगावर प्लॅस्टिक!"

कुठल्या टपरीवरून त्या शहाजीनं ही उचलली, असं त्यांच्या मनात आलं. आणि मग त्यांना आठवल्या नीलव्वा.

नीलव्वा म्हणजे मुलाच्या, सोमेशच्या आत्या. मंद्रूपच्या. सोमेशचं तिथं खतबियाणांचं दुकान, पण घरातला शेवटचा शब्द नीलव्वांचा. बसलिंगप्पांची लेक रुद्राणी आणि सोमेश यांचं दोन वर्षांपूर्वीच आपापसांत ठरलं होतं. नीलव्वाच अडून बसल्या होत्या. "बाजारातली माणसं," त्या म्हणायच्या, "वरनं सगळी झगमग. आत काय असतंय, देवालाच म्हायती." कशाबशा तयार झाल्या होत्या. रुद्राणीनं बापाला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "अप्पा, आत्या आधी कापडाला हात लावते, मग माणसाकडं बघते. उद्या तेवढं काही वेडंवाकडं करू नका."

बसलिंगप्पांनी याचा अर्थ असा घेतला की, आत्यांचा हात बटणाला लागणार आणि बटण प्लॅस्टिकचं निघणार.

कपाटात, देवाच्या चांदीच्या शेजारी, त्यांनी एक डबी जपून ठेवली होती. पितळेची आठ बटणं, प्रत्येकावर पिसारा फुलवलेला मोर, मागे शिवायला कडी. असा माल पुन्हा आला नव्हता. पोरीच्या लग्नासाठीच ठेवली होती ती. साखरपुडा म्हणजे अर्धं लग्नच की!

मुहूर्त बारा वाजून छत्तीस मिनिटांचा. हातात चार तास. बटणं आठ. त्यांनी ताट उचललं, खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

दाढीच्या ब्लेडनं जुनी बटणं सटासट निघाली. ती त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या बादलीत टाकली. नऊ वाजता गाणं वाजवत घंटागाडी आली आणि घरातल्या कुणीतरी बादली रिकामी करून आणली. तेव्हा बसलिंगप्पा सुईत दोरा ओवत होते. सतरावा प्रयत्न चालू होता.

सुई गोधडीची होती. घरात दुसरी सापडली नाही. (दुकानात बारीक सुयांची चाळीस पाकिटं होती. दुकानाला आज कुलूप होतं आणि चावी राजेश्वरीबाईंच्या कमरेला.)

साटनचं कापड हे काय प्रकरण असतं ते त्यांना त्या सकाळी कळलं. एकतीस वर्षं त्यांनी ते दुसऱ्यांच्या हातात बघितलं होतं. मांडीवर घेतलं की ते घसरून पायावर जाई. पायावरून उचललं की बाही जमिनीवर. गुडघ्यात धरलं तर चुणी पडे. शेवटी त्यांनी ते हनुवटीखाली दाबलं आणि पहिला टाका घातला. गोधडीच्या सुईनं साटनचा एक धागा पकडला आणि बरोबर ओढत नेला. शेरवानीच्या छातीवर विहिरीच्या दोरासारखी एक रेघ उठली.

"मोराखाली झाकेल," बसलिंगप्पा म्हणाले. ती झाकली गेली. मग दुसरी उठली.

दार वाजलं.

"अहो, आत काय करताय?" राजेश्वरीबाई.

"आंघोळ."

"आंघोळ? सहाला केलीत की!"

"उन्हाळा आहे. पुन्हा करतोय."

"मोरी तर इकडं आहे!"

"म्हणजे... आंघोळीची तयारी," ते म्हणाले.

"शेरवानीचं ताट बघितलंत का?"

"आहे. माझ्याजवळ. राखतोय."

"सुम्न कूडरी!" राजेश्वरीबाईंना राग आला की कानडी येई आणि त्याचा अर्थ गप्प बसा असा होई. "पाहुण्यांसमोर तरी नीट वागा. दहाला हॉलवर निघायचंय. तुम्ही मागनं या, ताट घेऊन." पावलं लांब गेली. बसलिंगप्पांनी श्वास सोडला, सुई बोटात घुसली आणि मोतिया साटनवर डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल थेंब पडला.

शुभकार्याच्या कपड्यावर रक्त! पण तिसऱ्या क्षणी काउंटरवरचं ज्ञान मदतीला धावलं. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लावायची, डाग जातो, असं त्यांना एका बाईनं सांगितलं होतं. हा सल्ला त्यांनी शेकडो बायकांना दिला होता, पण खरा की खोटा ते कुणी परत येऊन सांगितलं नव्हतं. पाण्याचा घोट घेऊन, कसंबसं तोंड ओलं करून ते थुंकू लागले.

"अप्पा," दाराबाहेरून रुद्राणीचा आवाज आला, "तुम्ही आत थुंकताय काय?"

"चूळ भरतोय. तू हॉलवर जा बघू."

"आई गेली पुढं. मी पार्लरमधून आत्ता आले. काशम्मा ब्लाउजला हूक लावून देते म्हणाली, मग निघते."

डाग खरोखरच गेला. एका बाईच्या सल्ल्यावर त्यांचा एवढा विश्वास आजवर कधी बसला नव्हता. नव्या दमानं त्यांनी उरलेले मोर बसवले. अकरा वाजता आठवा मोर बसला. बोटांना अकरा भोकं पडली होती, पण शेरवानीवर पितळेची रांग अशी झळकत होती की बसलिंगप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. बटणांच्या वजनानं कापड जरा पुढं लोंबत होतं. ते त्यांनी घातल्यावर बसेल म्हणून सोडून दिलं.

आता बंद करून बघावं म्हणून त्यांनी पहिलं बटण काजात घातलं.

बटण काजात गेलं नाही.

त्यांनी तिरकं घातलं. नाही. अंगठ्यानं रेटलं. नाही. दुसरं, तिसरं, आठवं. एकही नाही. काज होते वीस नंबरच्या बटणाचे. मोर होते चोवीस नंबरचे. हे कळायला त्यांना पट्टीची गरज नव्हती, नुसत्या नजरेनं कळत होतं. मोर आणि काज सकाळपासून एकमेकांसमोर होते, फक्त त्यांनी विचारलं नव्हतं. काजाचं माप.

वैरागच्या बाई डोळ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. नमस्कार न करता.

तेवढ्यात फोन वाजला. मंद्रूपचे व्याही. "निघालो बरं का! तेरामैल ओलांडला. गर्दी न्हाई रस्त्याला."

बसलिंगप्पांनी कडी काढली. बाहेर रुद्राणी, जरीच्या साडीत, केसांत गजरा. शेजारी काशम्मा, तोंडात दोन टाचण्या. काशम्मा शेजारची. तिच्या सासरचे विणकर, ती स्वतः अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवायची. दोघींनी शेरवानी बघितली.

रुद्राणी नुसती खाली पलंगावर बसली. तेच वाईट होतं. ओरडली असती तर बसलिंगप्पांना बरं वाटलं असतं.

"अय्यो," काशम्मा टाचण्या काढून म्हणाली, "काय करून ठेवलाव हे? कोण लावलं असं?"

"मीच."

"तुम्ही तर विकता की!"

"काज जरा मोठे करता येतील?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"साटनला आता ब्लेड लावला तर सगळे धागे सुटतेत. काज नाही राहणार, खिडकी होईल. जुनी बटणं द्या, तीच लावते पटापट."

"ती घंटागाडीत गेली."

"अप्पा," रुद्राणी हळू आवाजात म्हणाली, "आत्या म्हणणार, बघा, दिखावा. बंद न होणारी शेरवानी. मग ती उठून जाईल, आणि तिच्यामागं सगळी उठतील. मला ठाऊक आहे." तिचं काजळ ओलं झालं होतं. "दोन वर्षं लागली हो मला."

बसलिंगप्पांना वाटलं, आपल्याला कुणीतरी तराजूत घालून दुकानाबाहेर टांगलंय. फोन पुन्हा वाजला. "सैफुलला आलो!"

काशम्मानं शेरवानी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. "खालची पाच मी अशीच बंद करून शिवून टाकते," ती म्हणाली. "काज मोराखाली झाकतेत. जावई डोक्यातनं घालतील, कुडत्यासारखं. वरची तीन मात्र अंगावर घातल्यावर शिवावी लागतील."

"अंगावर?"

"अंगावर. मी येते हॉलला. सुई माझी घेते. ही तुमची गोधडीला ठेवा."

काशम्मानं पाच मोर वीस मिनिटांत बसवले. बसलिंगप्पा शेजारी उभे राहून सल्ला देऊ लागले, तेव्हा तिनं एकदाच वर बघितलं. नंतर ते गप्प राहिले. रुद्राणीनं फोनवर सोमेशला एक ओळ लिहिली : अप्पा काय म्हणतील त्याला हो म्हण, प्रश्न विचारू नको.

फोन आला, "सात रस्त्यावर हाय. आलोच." त्या वेळी बसलिंगप्पा, ताट आणि काशम्मा एकाच रिक्षात बसले होते, रुद्राणी पुढच्या रिक्षात.

हॉलमध्ये सनई लागली होती. ताट सर्वांसमोर दिलं गेलं, हळदकुंकू झालं, सोमेशला कपडे बदलायला आतल्या खोलीत नेलं. त्याच्यामागे बसलिंगप्पा शिरले, त्यांच्यामागे काशम्मा, आणि कडी लागली. सोमेशनं शेरवानी बघितली, सासऱ्यांकडं बघितलं, आणि आज्ञाधारकपणे हो म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं तरी. मग त्यानं ती डोक्यातून घातली. मान निघायला जरा वेळ लागला.

"आता हलू नका," काशम्मा म्हणाली. "आणि हे तोंडात धरा." तिनं हातभर पांढरा दोरा तोडून त्याच्या ओठांत दिला. "अंगावरच्या कपड्याला टाका घालताना दोरा तोंडात धरायचा, बोलायचं नाही. नाहीतर चांगलं नसतंय."

सोमेशनं दोरा धरला. बसलिंगप्पांनी मोबाईलची बॅटरी लावली. जावयाच्या गळ्याच्या घाटीपासून दोन बोटांवर सुई चालली होती आणि सासरा प्रत्येक टाक्याला वाकून बघताना बॅटरी अशी हलवत होता की मोर नाचल्यासारखे दिसत होते.

दार वाजलं. "सोमू, झालं का रं?" नीलव्वांचा आवाज.

"म्म," सोमेश म्हणाला.

"बोलत का न्हाईस? काय होतंय का तुला?"

"जावईबापू मौनात आहेत!" बसलिंगप्पा ओरडले.

"कसलं मौन?"

"कपडे घालताना. आमच्याकडं पद्धत आहे."

"तुमच्याआमच्या पद्धती एकच की! ही कुटली नवी?"

"सोलापुरातली!"

"आमी काय काशीहून आलोय? मंद्रूप हितं हाय, तासभराच्या वाटंवर!"

"झालं," काशम्मा कुजबुजली आणि दोरा दातानं तोडला.

सोमेश बाहेर आला. लोकांत कुजबूज झाली ती कौतुकाची. आठ मोर दिव्याखाली झगमगत होते. राजेश्वरीबाईंनी मोर बघितले आणि नवऱ्याकडं अशी नजर टाकली की बसलिंगप्पा खांबाआड सरकले. बारा वाजून तीस मिनिटं. फक्त सहा मिनिटं निभावायची होती.

विधी करायला बसलेल्या जंगमस्वामींनी सोमेशला नाव विचारलं.

"म्म," सोमेश म्हणाला.

घाईत काशम्मा एक गोष्ट सांगायची विसरली होती : दोरा आता काढा. नीलव्वा पुढं झाल्या. त्यांनी भाच्याच्या ओठांतून लोंबणारा पांढरा दोरा दोन बोटांनी ओढला. तो येतच राहिला, हातभर.

"हे काय खातोयस?"

सोमेशला दरदरून घाम फुटला. मे महिना, साटन, आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बंदिस्त. रुमाल असेल म्हणून त्यानं शेरवानीच्या बाजूच्या खिशात हात घातला. रुमाल नव्हता. एक कागदाची लहानशी पुडी निघाली आणि खाली पडली. पुडीतून एक पांढरं प्लॅस्टिकचं बटण निघालं आणि घरंगळत, खांबाला वळसा घालून, बसलिंगप्पांच्या पायाशी येऊन थांबलं.

बटण गेलंच तर जवळ असावं म्हणून टेलर जास्तीचं एक खिशात ठेवतात. शहाजी टेलर काटेकोर माणूस. पुडीसकट ठेवलं होतं.

नीलव्वांनी पुडी उचलली. गावच्या अंगणवाडीत त्यांनी तीस वर्षं पोरांना अक्षरं शिकवली होती, कोंबडीच्या पायाची अक्षरं त्यांना नवी नव्हती. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"'साटनच्या शेरवानीसाठी. हेच हलके बटण लावावे. पितळी लावल्यास कापड लोंबते. काजाचे माप पाहिल्याशिवाय बटण बदलू नये. आपला, बसलिंगप्पा.'"

सनईवाला नेमका तेव्हाच दम घ्यायला थांबला होता.

बसलिंगप्पांना सगळं लख्ख आठवलं. पंधरा दिवसांपूर्वीची दुपार, शहाजी टेलर, हातात साटनचा तुकडा आणि काजाचं माप. अर्धा तास त्यांनी शहाजीला साटन समजावून सांगितलं होतं. शहाजी पितळी मागत होता आणि त्यांनीच त्याला झापून प्लॅस्टिकची दिली होती.

नीलव्वांनी पुडी कनवटीला लावली, भाच्यापाशी गेल्या आणि गळ्याशी असलेला मोर उघडायला बघितला. उघडेना. दुसरा ओढला. त्याच्याबरोबर सोमेश पुढं आला.

"शिवलाय ह्याला," त्या म्हणाल्या. "पोरगं आत घालून शिवलाय. कुनाचं काम हे?"

रुद्राणीनं मान खाली घातली. तिच्या गजऱ्यातलं एक फूल पाटावर पडलं. बसलिंगप्पा खांबाआडून बाहेर आले.

"माझं," ते म्हणाले. "पोरीला ठाऊक नव्हतं. शेरवानी चांगलीच होती. मीच बिघडवली. तुमचा हात बटणाला लागणार, ते हलकं निघायला नको, म्हणून..."

"बोटं बघू."

"काय?"

"हात पुढं करा की!"

बसलिंगप्पांनी शाळेतल्या पोरासारखे हात पुढं केले. नीलव्वांनी चष्मा खाली ओढून एकेक बोट बघितलं. बराच वेळ लावला.

"मला वाटत होतं, ही बाजारातली माणसं दिखाऊ," त्या शेवटी म्हणाल्या. "दिखाऊ मानूस दुसऱ्याच्या हातनं करून घेतो. लेकीसाठी अशी बोटं फोडून घेनारा दिखाऊ नसतो." त्यांनी हात सोडला. "येडा असतो. येड्याचं घर चालतंय आमाला. स्वामी, मुहूर्त गाठा."

रुद्राणी हसली की रडली ते नीट कळलं नाही, दोन्ही एकदमच झालं. अंगठ्या बदलल्या, पेढे फिरले, सनईवाला पुन्हा वाजवू लागला. बसलिंगप्पांना छातीवरून अख्खी एसटी उतरल्यासारखं वाटलं.

तोच नीलव्वांनी पुन्हा हात वर केला.

"लग्नाचं एक बोलायचं ऱ्हायलं. एक अट हाय आमची."

राजेश्वरीबाईंचा हात पेढ्याच्या ताटात तसाच राहिला. सोमेशचे वडील चपापून बहिणीकडं बघू लागले.

"कपडे तुमी द्या, जेवन तुमी द्या, आमी काय मागत न्हाई," नीलव्वा म्हणाल्या. "बटणं मात्र मंद्रूपवरनं आमी आनू."

हॉल जो हसला तो थांबेचना. स्वामीही हसले. नवी पेठेतल्या एकतीस वर्षांच्या दुकानाला भर हॉलमध्ये असं कुणी कधी बोललं नव्हतं. पण बसलिंगप्पांनी तेही गोड मानून घेतलं आणि व्यापाऱ्याच्या सवयीनं, अगदी मनापासून, तोंड उघडलं, "आणा की, खुशाल आणा. पण आत्याबाई, येताना तेवढं काजाचं—"

पुढचा शब्द निघायच्या आत काशम्मानं गर्दीतून हात लांब केला आणि त्यांच्या ओठांत हातभर पांढरा दोरा दिला.